फान रांग म्हणजे पांडुरंग, पण पंढरपूरचा का? (भित्तिपत्रकासाठी मदत हवी)

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातल्या वाचनालयाचं आषाढी एकादशीचं भित्तिपत्रक तयार होतंय. वाचणारी मुलं आठवी-नववीची आहेत. सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरतोय: "व्हिएतनाममध्ये १८३२ पर्यंत पांडुरंग नावाचं राज्य होतं. आपल्या वारकऱ्यांनी समुद्रापार जाऊन ते वसवलं. आजही तिथलं गाव फान रांग म्हणजेच पांडुरंग." हे भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरात घ्यायचं असं ठरत आलंय.

यात खरं किती? खोटं असेल तर त्या जागी काय लिहावं? नावं देवनागरीत कशी लिहायची, तेही सांगा. आणखी एक प्रश्न. तिथल्या बायका चाकाशिवाय मडकी घडवतात असं वाचलं. खानापूर मातीकामाचं गाव असल्याने त्याच दिवशी प्रात्यक्षिक ठेवावं अशी सूचना आली आहे. ते जमेल का?

शके_मोजा

त्या निरोपातलं अर्धं वाक्य खरं आहे, म्हणून तो जास्त धोक्याचा.

खरं एवढंच. आजच्या व्हिएतनामच्या मध्य आणि दक्षिण किनाऱ्यावर चंपा नावाची चाम लोकांची राज्यं होती. राज्यं असं अनेकवचनात लिहा, कारण सगळा किनारा एका राजाखाली असा काळ थोडाच. उत्तरेकडून खाली इंद्रपुर, अमरावती, विजय, कौठार आणि सगळ्यात दक्षिणेला पांडुरंग. व्हिएतनामी राजा ले थान्ह तोंग याने १४७१ मध्ये विजय जिंकलं. पांडुरंग मात्र आणखी साडेतीनशे वर्षं कधी स्वतंत्र, कधी मांडलिक असं टिकून राहिलं आणि १८३२ मध्ये सम्राट मिन्ह मांग याने ते पूर्ण खालसा केलं. फान रांग हे नाव पांडुरंगचंच झिजलेलं रूप आहे, हेही बरोबर.

वारकऱ्यांचा भाग साफ खोटा, आणि त्यासाठी तारखा शेजारी ठेवल्या की पुरे. चंपाच्या शिलालेखांत पांडुरंगपुर ९व्या शतकाच्या सुरुवातीला येतं. पंढरपुरात विठ्ठलाच्या भोगासाठी होयसळ सोमेश्वराने गाव दिल्याचा लेख १२३७ चा. ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा. म्हणजे तिकडचं पांडुरंगपुर ज्ञानेश्वरांच्या साडेचारशे वर्षं आधीचं. शिवाय तिकडे पांडुरंग हे गावाचं आणि प्रांताचं नाव आहे. देवळातला देव बहुतेक ठिकाणी शिव, आणि तोही भद्रेश्वर, शंभुभद्रेश्वर अशा नावांनी.

मुलांसाठी उदाहरण घरचंच द्या. सांगली जिल्ह्यातही खानापूर आहे. त्यामुळे आपलं बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर सांगलीकरांनी वसवलं असं कोणी म्हणतं का?

आता उपयोगाची गोष्ट. चंपाचे लेख शालिवाहन शकात आहेत, म्हणजे मुलांच्या घरातल्या पंचांगावर छापलेल्या त्याच शकात. शकात ७८ मिळवा, इसवी सन येतो. पौष, माघ, फाल्गुनातली तिथी जानेवारी लागल्यावरची असेल तर ७९. पो नगर देवळातल्या (न्या चांग शहराजवळ) लेखाप्रमाणे शके ६९६ मध्ये जहाजांतून आलेल्या परक्यांनी ते देऊळ जाळलं आणि सत्यवर्मा राजाने शके ७०६ मध्ये पुन्हा प्रतिष्ठा केली. मुलांना ही दोन गणितं घालायला हरकत नाही: ७७४ आणि ७८४.

वरच्या वर्गासाठी एक पायरी पुढे. अशा संस्कृत लेखांत वर्ष कित्येकदा आकड्यात नसतं, शब्दांत असतं: चंद्र १, नेत्र २, अग्नी ३, वेद ४, बाण ५, ऋतू ६, मुनी ७, वसू ८, नंद ९, आकाश ०. वाचायचं उजवीकडून डावीकडे. सरावासाठी मी एक जुळवून देतो: "ऋतु-आकाश-मुनि". डावीकडून लिहिलं तर ६०७ येतं आणि सगळी मुलं इथेच चुकतात. उलटं वाचलं की शके ७०६.

अथणीकर

शके_मोजा यांच्या मुद्द्याला कन्नड बाजूने एक जोड. पंढरपूरचं जुनं नाव लेखांत 'पंडरगे' असं येतं आणि ते कन्नड वळणाचं आहे. पांडुरंग हे त्याचंच संस्कृत केलेलं रूप, असं रा. गो. भांडारकरांनी मांडलं होतं. हेमचंद्राच्या कोशात पांडुरंग हे रुद्राचं नाव म्हणून आहे, हेही त्यांनीच दाखवलं. म्हणजे आपल्याकडे गावाच्या नावावरून देवाचं नाव सजलं. तिकडची वाट वेगळी आहे, कारण तिथे पंडरगे कुठून येणार?

कानडा विठ्ठल म्हणायला आपण कचरत नाही, मग इथेही गावाच्या नावाचा मूळ धागा बघूनच बोलायला हवं की.

ञ_चा_उच्चार

देवनागरीत लिहिताना इंग्रजी वाचून लिहू नका, तिथेच सगळं बिघडतं.

व्हिएतनामी भाषेची रोमन लिपी पोर्तुगीज वळणाच्या पाद्र्यांनी १७व्या शतकात बसवली. फ्रान्सिस्कु द पिना आणि इतरांनी आधी काम केलं, मग अलेक्झांडर द ऱ्होद याने १६५१ मध्ये रोममध्ये व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश छापला. हा ऱ्होद तिकडे जाण्याआधी गोव्यात राहिला होता. त्याच गोव्यात फादर स्टीफन्स यांचं मराठी पुराण १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं होतं. म्हणून या लिपीतले काही जोड आपल्या भागात ओळखीचे निघतात. साल्डाना हे आडनाव रोमनमध्ये लिहिताना शेवटी 'एन-एच' येतं ना? पोर्तुगीजात तो 'ञ' आहे, उच्चार साल्दान्या. व्हिएतनामीतही तोच ञ. त्यामुळे 'न्हा त्रांग' नाही, 'न्या चांग'. वर 'मिन्ह', 'थान्ह' असं लिहिलंय, त्यात 'ह' नाही; 'मिञ', 'थाञ' जवळचं. आपली वर्तमानपत्रं इतकी वर्षं 'हो ची मिन्ह' छापतात, त्याला आता इलाज नाही, पण निदान इतर नावं तरी नीट जावीत.

चाम मंदिरांच्या खोऱ्याचं नाव 'मी सन'. 'माय सोन' असं लिहिलेलं दिसलं तर खोडा. व्हिएतनामची जुनी राजधानी ह्वे, 'ह्यू' नव्हे. रोमन 'डी' दोन आहेत: पोटात आडवी रेघ असलेला आपल्या द-ड सारखा, रेघ नसलेला उत्तरेत झ (झेंड्यातला नव्हे, माझामधला), दक्षिणेत य. रेघ गाळून टंकलं की गावाचं नाव बदलतं.

आता भाषा. हा मुद्दा भित्तिपत्रकात यायलाच हवा, कारण 'व्हिएतनामचे लोक' म्हणून सगळ्यांना एका पोत्यात घालतात. बहुसंख्य व्हिएतनामी, म्हणजे किञ लोक, आणि शेजारचे कंबोडियाचे ख्मेर यांच्या भाषा एका मोठ्या कुळातल्या. त्याच कुळात आपली मेळघाटातली कोरकू आणि पूर्वेकडची संथाळी येते. 'चार' बघा: व्हिएतनामीत बोन, ख्मेरमध्ये बुओन, संथाळीत पोन. चाम भाषेचं कूळ निराळं, ती मलायची नातलग. चाममध्ये एक ते पाच: सा, दुआ, क्लाउ, पाक, लिमा.

इथे 'दुआ' पाहून "अरे, हे तर द्वि!" असं कोणीतरी म्हणेलच. नाही. दुआ मलायतही आहे आणि थेट पॅसिफिकच्या बेटांपर्यंत त्याची भावंडं सापडतात. संस्कृतशी जुळणं निव्वळ योगायोग.

मग उसना शब्द ओळखायचा कसा? एकटा शब्द बघू नका, अख्खी माळ बघा. चाम वार रविवारपासून असे: आदित, थोम, अंगार, बुत, जिप, सुक, थनचार. म्हणजे आदित्य, सोम, अंगारक, बुध, जीव (गुरूचं जुनं नाव), शुक्र, शनैश्चर. सातच्या सात, त्याच क्रमाने. हे योगायोगाने होत नाही. अंगारकी चतुर्थी मंगळवारीच का, हे माहीत असलेल्या मुलाला तिसरा वार सांगावा लागणार नाही. चाम लोक आपल्या लिपीला आखार म्हणतात, ते आपलं अक्षर, आणि तिची वर्णमाला क, ख, ग, घ, ङ अशीच चालते.

वारांचा तक्ता छापा. निरोपातल्या त्या एका नावापेक्षा हा पुरावा कितीतरी जड आहे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे आभार. वारांचा तक्ता नक्की घेतो. मधल्या चौकटीसाठी हे वाक्य केलंय, चालेल का बघा: "भारतीयांनी चंपा ही हिंदू वसाहत स्थापन केली. मी सन येथे त्यांनी विटांची भव्य मंदिरे बांधली."

शके_मोजा

नाही चालणार. दोन्ही वाक्यांतला कर्ता चुकलाय. बांधणारे चाम, राजे चाम, विटा तिथल्या मातीच्या. भारतातून गेलं ते संस्कृत, लिपी, शिव, शक, पंचांग. नेणारे व्यापारी, ब्राह्मण, भिक्षू आणि स्वतः ये-जा करणारे चाम खलाशीही. सैन्य पाठवून वसवलेली वसाहत असा पुरावा नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत 'वसाहत' सर्रास येतं, तिथूनच ते आपल्याकडे उतरलं.

याला धरून एक फार चांगला लेख आहे: चा कियू (जुनं सिंहपुर) जवळचा दोंग येन चाऊचा, साधारण ४थ्या शतकाचा. चाम भाषेतला हा सर्वांत जुना लेख, किंबहुना मलाय-चाम कुळातल्या कुठल्याही भाषेतला. लिपी आपल्या दक्षिणेची, भाषा तिथली, विषय राजाच्या नागदेवतेचा. जो नागाला मान देईल त्याला स्वर्गातून रत्नं मिळतील, जो अपमान करील तो सात पिढ्यांसह हजार वर्षं नरकात राहील. 'स्वर्ग', 'नरक', 'कुल' हे शब्द संस्कृत, पण माणूस म्हणजे 'उरांग'. मलायतल्या 'ओरांग उतान' म्हणजे रानमाणसातला तोच ओरांग. आपल्याकडे गधेगाळीवर (शापाच्या दगडावर) शिवी कोरतात किंवा दानलेखाच्या शेवटी काशीत गाय मारल्याचं पाप घालतात, त्याच पठडीतला हा शाप. तुमच्या तालुक्यातल्या हलशीचे (जुनं नाव पलाशिका) कदंब राजांचे ताम्रपट आणि हा लेख काळाने फार लांब नाहीत. पलाशिका आणि सिंहपुर शेजारी ठेवून एक चौकट करा, तुमच्या तालुक्यातल्या मुलांना ती आपली वाटेल.

मी सनची नेमकी माहिती: ४थ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मा राजाने तिथे भद्रेश्वर लिंग स्थापलं आणि १३व्या शतकापर्यंत बांधकाम चाललं. मुख्य देवळाला चाम शब्द कालान. त्यासमोर गोपुर, मंडप, आणि बाजूला होडीसारख्या छपराचं कोशगृह. विटा इतक्या घट्ट बसवलेल्या की सांधा जेमतेम दिसतो. झाडाचा चीक वापरला की आणखी काही, यावर अभ्यासकांत वाद आहे, म्हणून 'रहस्यमय गोंद' वगैरे लिहू नका. भिंत उभी झाल्यावर तिच्यावरच नक्षी कोरली, हे मात्र स्पष्ट दिसतं: पाकळी एका विटेवर सुरू होऊन दुसरीवर संपते. आपल्या हलशी-देगावच्या देवळांत दगड आधी घडवून मग बसवतात, तो फरक मुलांना चित्रातूनही कळेल.

सगळ्यात उंच 'ए-१' देऊळ १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत पडलं. १९९९ मध्ये मी सन जागतिक वारशाच्या यादीत आलं. याच 'ए' गटात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने काम केलं आणि मे २०२० मध्ये ९व्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग तिथे मिळालं. ही बातमी 'भारतीयांनी बांधलेलं मंदिर सापडलं' म्हणून फिरली होती. भारतीयांनी ते दुरुस्त केलं, एवढंच.

नकाशा काढत असाल तर सावध. १ जुलै २०२५ पासून तिथले प्रांत एकमेकांत विलीन झालेत. फान रांग जुन्या पुस्तकांत निन्य थुआन प्रांतात दिसेल, आता ते खान्य होआमध्ये. मी सन क्वांग नाममध्ये दिसेल, आता दा नांगमध्ये.

पानसुपारी

सगळे जुन्या राजांवर बोलतायत. चाम आजही आहेत की! २०१९ च्या जनगणनेत व्हिएतनाममध्ये सुमारे १ लाख ७९ हजार, कंबोडियात त्याहून जास्त. त्यांना 'होते' म्हणू नका.

फान रांगच्या बाजूला दोन समाज एकमेकांत गुंफलेले आहेत. आहिअर म्हणजे जुन्या शैव वळणाचे, यांना बालामोन असंही म्हणतात (ब्राह्मण या शब्दावरून). आणि आवाल म्हणजे बानी, इस्लामचं स्थानिक रूप पाळणारे. आहिअर गोमांस खात नाहीत, आवाल डुकराचं मांस खात नाहीत. एकमेकांच्या विधींना दोघांची हजेरी लागते. वंश आईकडून चालतो. आहिअरांत दहनानंतर कपाळाच्या हाडाचे नऊ तुकडे डबीत जपतात आणि पुढे कुलाच्या 'कुत' दगडांपाशी ठेवतात.

मोठा सण काते, चाम पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात. देवीदेवतांची वस्त्रं डोंगरातल्या राग्लाय लोकांकडे सांभाळायला असतात. सणाला तेच ती खाली आणून देतात. मग दार उघडणं, मूर्तीला स्नान, वस्त्रं, नैवेद्य. फान रांगचं पो क्लोंग गाराय देऊळ १३व्या शतकाच्या अखेरचं, राजा जय सिंहवर्मा तिसरा याच्या काळातलं. आत मुखलिंग (चेहरा कोरलेलं शिवलिंग) आहे, पण लोक त्याला पो क्लोंग गाराय राजा म्हणूनच पुजतात. ज्या टेकडीवर ते आहे तिचं नाव नागवेलीच्या पानांची टेकडी.

"हा शिव आहे की राजा?" असं मुलं विचारतील. सौंदत्तीची यल्लम्मा आणि रेणुका वेगळी करून दाखवता येते का, असं उलट विचारा. पो नगरच्या देवीचं तर अजून पुढे गेलंय: संस्कृत लेखांत भगवती, चाम लोकांत पो इनो नगर, व्हिएतनामी लोकांत थियेन इ आ ना. देऊळ एकच, आणि तिन्ही नावांपैकी एकही खोटं नाही.

आवा_आणि_माती

मातीकामाचं सांगतो. तुम्ही वाचलंत ते फान रांगजवळच्या बाऊ चुक गावाचं. २०२२ मध्ये युनेस्कोने चाम मातीकाम 'तातडीने जपायला हवं' अशा यादीत घातलं. काम बायका करतात, आईकडून मुलीकडे जातं.

कृती अशी. नदीकाठच्या शेतातली चिकणमाती वाळवून फोडायची, भिजत घालायची, मग बारीक वाळू घालून पायाने तुडवायची. गोळा पालथ्या रांजणावर किंवा तेवढ्याच उंचीच्या बैठकीवर ठेवायचा. चाक नाही. भांडं जागेवर, बाई त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरते. मधोमध मूठ घालून भिंत वर ओढायची, उंची कमी पडली की मातीची वळी जोडायची, ओल्या फडक्याने काठ पुसत गोल करायचा. थोडं सुकल्यावर जाड राहिलेला बूड आणि पोट बांबूच्या कड्याने खरवडून पातळ करायचं. झिलई नाही. भाजणं उघड्यावर, लाकूड आणि पेंढा, सात-आठ तास, साधारण ८०० अंश. तापलेलं असतानाच झाडापासून काढलेल्या रंगाचे शिंतोडे मारतात, त्यातून तांबडे-काळे डाग येतात.

प्रात्यक्षिकात घोटाळे कुठे होतील ते ऐका. खानापूरची चाकावरची माती जशीच्या तशी घेतलीत तर भाजताना तडकेल. चाकाला लोण्यासारखी माती लागते, तिच्यात वाळू बोटांना खुपते. उघड्या जाळात मात्र उष्णता झपाट्याने चढते, आणि आतल्या वाफेला बाहेर पडायला वाळूच वाट करून देते. प्रमाण मातीवर ठरतं, म्हणून आधी तीन नमुने करा: चार वाटी मातीला अर्धी, एक आणि दीड वाटी चाळलेली वाळू. प्रत्येकाची बोटभर जाड पट्टी करून तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि सुकल्यावर मोजा. रेघ ९ च्या खाली गेली तर वाळू कमी आहे. वाकवताना काठ फाटत असेल तर जास्त झाली. वाळू नदीची घ्या. चुनखडीचा खडा आत राहिला तर भाजल्यावर आठवड्याने फुगून पापुद्रा उडवतो, आणि तोवर सगळे समजतात मडकं पास झालं.

बैठक कमरेच्या थोडी खाली हवी. मुलांना खाली बसवून करायला लावलंत तर फिरणंच होत नाही, आणि या पद्धतीत गोलाई फिरण्यातूनच येते. उलट्या पावलांनी चालायचं म्हणून जागा मोकळी ठेवा, मागे बाक नको. भांडं वीतभर उंचीचंच घ्या. वळी जोडताना दोन्ही कडा ओरखडून ओल्या केल्या नाहीत तर तिथेच आडवी चीर जाते.

आता मुख्य अडचण. बाऊ चुकचा मुलूख व्हिएतनाममधला सगळ्यात कोरडा, आणि तुम्ही प्रात्यक्षिक ठेवताय आषाढात, खानापुरात! त्या हवेत भांडं वरून सुकल्यासारखं दिसतं, आत ओल तशीच. ते जाळात घातलंत की पोटाचे तुकडे उडतात, मुलं जवळ असतील तर डोळ्याला लागायची भीती. आणि पावसात उघडा जाळ सात तास कोण राखणार? आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, वापरला तर मडकं भाजेल, पण मग ती पद्धत चाम राहत नाही.

म्हणून एकादशीला फक्त घडवणं दाखवा. भांडी छपराखाली फळीवर, वाऱ्याच्या झोताबाहेर ठेवा, दोन-चार दिवसांनी उलटी करा. भाजणं दिवाळीनंतर. त्या दिवशी सकाळी भांडी उन्हात तापवून घ्या, गालाला लावून गार वाटली तर अजून ओल आहे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

ठरलं. भाजणं दिवाळीनंतर. मधली चौकट बदलली: "चंपा ही चाम लोकांची राज्ये. त्यांनी संस्कृत, शिव आणि शालिवाहन शक आपलासा केला. त्यांच्या दक्षिणेकडच्या प्रांताचे नाव पांडुरंग. पंढरपूरच्या विठ्ठलाशी त्याचा संबंध नाही." खाली वारांचा तक्ता, शेजारी हलशी आणि चा कियूची चौकट.

शके_मोजा

'संबंध नाही' च्या खाली ती दोन वर्षं लिहा, नाहीतर कुणीतरी ते वाक्यच खोडेल: तिकडचं पांडुरंगपुर ९वं शतक, विठ्ठलाच्या भोगाचा लेख शके ११५९. इसवी सन मुलांनाच काढू दे.